जुन्या पाट्यांची कमान

गाडी अंगणात शिरली तेव्हा तिचं डावं अंग इतकं बसलं होतं, की मागचं चाक वरच्या पत्र्याला घासून रबराचा करपट वास सुटला होता. मागच्या समोरासमोरच्या बाकांवरून बायका एकेक करून उतरल्या. कुणी कंबर धरून उतरली, कुणी मान चोळत. फळं निवडायच्या शेडमध्ये दिवसभर उभ्यानं काम करून आलेल्या त्या बायका, त्यांना आधीच अंग नकोसं झालेलं. त्यात त्या वाटेनं उरलीसुरली हाडं मोजून घेतली होती.

त्यांच्यातल्या एकीला सगळे रेडिओ म्हणत. ती उतरता उतरता म्हणाली, "आज भाऊजींनी आम्हाला माणसात आणलं. उजव्या बाकावरच्या सगळ्या डाव्या बाकावरच्यांच्या मांडीवर. कुणाचं कुणाशी भांडण असेल तर मिटलं असेल."

बायका हसल्या. गाडीवाला हसला नाही. तो तसाच मातीत उताणा पडून गाडीखाली शिरला. त्याची बायको चुलीवरचं पाणी उतरवून दारात आली, आणि भट्टीच्या छपरातून त्याचे वडील कानोसा घेत बाहेर आले. म्हातारा लोहार. त्यानं काही विचारलं नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली आणि वर यायचं विसरली.

"पाटा गेला," म्हातारा म्हणाला.

"दोन गेलेत," खालून मुलाचा आवाज आला. "बाकीचे सपाट झालेत. कमान म्हणून राहिली नाही."

अशा जुन्या गाड्यांना मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते. एकाखाली एक, वरचा लांब, खालचे आखूड होत गेलेले, धनुष्यासारखे वाकवलेले. खड्डा आला की ते ताठ होतात आणि खड्डा गेला की पुन्हा वाकतात. माणसांना बसणारे धक्के ते आपल्या अंगावर घेतात. वर्षानुवर्षं घेऊन घेऊन ते दमतात आणि एक दिवस वाकायचं सोडून देतात. मग दोन रस्ते उरतात. एक तर नवा जोड आणून घालायचा, नाही तर जुने उलगडून, भट्टीत तापवून, ठोकून, त्यांना पुन्हा कमान द्यायची.

त्या रात्री जेवताना त्यावरच बोलणं झालं. बोलणं कसलं, दोघं बापलेक ताटात बघून बोलत होते. शहरातल्या मिस्त्रीनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, हे मुलानं सांगितलं. पाटे, त्यांची रबरं, बोल्ट, सगळं बदला, ह्या गाडीत आता ठोकण्यासारखं काही उरलं नाही. म्हातारा म्हणाला, मिस्त्रीला खोकं फोडता येतं, पाटा घडवता येत नाही, म्हणून तो बदला म्हणतो. मुलगा म्हणाला, शेडच्या मुकादमानं आजच बोलून दाखवलंय, गाडी पुन्हा उशिरा आली तर दुसरी लावीन. म्हातारा म्हणाला, म्हणूनच. नव्याची वाट बघत बसलास तर गाडी दारात उभी राहील. उद्या शेडला सुट्टी आहे, संध्याकाळपर्यंत मी तुला उभी करून देतो.

मुलगा गप्प झाला. सुनेला त्याचं गप्प होणं कळलं. भट्टी पावसाळ्यापासून जवळजवळ थंडच होती. विळे आता बाजारात तयार मिळत. कुदळीला पाणी द्यायला येणारी माणसंही हळूहळू यायची थांबली होती. भांडून नाही, तक्रार करून नाही, नुसती थांबली होती. समोरून जाताना मात्र ती आवर्जून रामराम घालत. अशा वेळी स्वतःच्याच पोरानं बापाला नाही म्हणायचं, ते त्याच्या जिवावर आलं.

"बरं," तो म्हणाला. "तुटलेल्यांच्या जागी भंगारातून चार-पाच आणतो, बसतील ते घालू. बाकीच्यांना कमान मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाडी लाकडी ओंडक्यांवर चढली. गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवूनही सुटेनात. मुलगा पान्यावर उभा राहून नाचला तेव्हा एक सुटला आणि त्याबरोबर त्याच्या बोटांची सालटीही गेली. चळत उलगडली तशी पाट्यांमधून गंजाची खपली पापडासारखी गळून पडली. सुनेनं ते पाटे एकेक करून तारेच्या ब्रशनं घासले. तिच्या नाकात, पापण्यांवर तांबडी पूड बसली.

म्हाताऱ्यानं प्रत्येक पाटा मांडीवर घेतला. बोटांची पेरं त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मग सुतळीनं टांगून हातोडीनं हलकेच टकटक केलं. पाटा घंटेसारखा वाजला की शाबूत. एक पाटा वाजला नाही, नुसता ठक्क म्हणाला. त्यानं तो बाजूला टाकला.

"भेग आहे," तो म्हणाला. मुलानं उन्हात धरून बघितलं तेव्हा कुठे केसासारखी रेघ दिसली. मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. सुनेलाही बरं वाटलं. मामांचे कान आणि हात अजून होते.

ती ह्या घरात आली तेव्हा तिला आगीची भीती वाटायची. सासूला जाऊन वर्ष झालं होतं आणि भाता ओढायला कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं तिला जवळ बसवलं. लहान मुलाला मुळाक्षरं शिकवावीत तसे त्यानं तिला लोखंडाचे रंग शिकवले. हा काळपट लाल, ह्यात लोखंड नुसतं जागं होतं. हा उजळ लाल, ह्यात वाकतं. हा शेंदरी झाला की तेलात बुडवायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. पिवळा झाला की पोलाद आतून जळायला लागतं. वरून शहाणं दिसतं, आतून फुटतं. ती चुकली की तो ओरडत नसे, पुन्हा विचारत असे. घरात तिच्या बोलण्याला कुणी फार किंमत देत नव्हतं, पण भट्टीपाशी तिला एक काम होतं आणि ते काम तिच्याशिवाय होत नव्हतं.

दुपारी भट्टी पेटली. आता भात्याच्या जागी हातानं फिरवायचा पंखा होता. ती दांडा फिरवत होती. वाकवण्याचं काम चांगलं झालं. म्हातारा पाटा सांडशीत धरी, नवरा घण मारी. म्हाताऱ्यानं हातोडीनं दाखवावं, त्यानं तिथेच मारावं. सगळे पाटे एकाच मापाच्या धनुष्यात बसले. मग त्यांना कडक करायची वेळ आली आणि नवरा रबरं आणायला शहरात गेला. भट्टीपाशी ती दोघंच उरली.

पहिला पाटा निखाऱ्यांत गेला. लाल झाला. उजळला. शेंदरी झाला. ती पंखा थांबवणार तोच म्हातारा म्हणाला, "वारं दे."

तिनं दिलं. पाटा पिवळा व्हायला लागला. तिचा हात आपोआप हळू झाला.

"थांबलीस का?"

"दंड भरून आला."

"लोखंडासमोर दंड भरून येत नसतो. अजून लालच आहे ते. वारं दे."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो डोळे बारीक करून निखाऱ्यांत बघत होता. त्याच्या दोन्ही बुबुळांवर पातळ सायीसारखं काहीतरी होतं. ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं असं नव्हतं. जेवताना तो वाटी चाचपतो हे तिला माहीत होतं. दारातल्या माणसाला तो आधी बोलू देतो आणि मग ओळखतो, हेही. घरातल्या घरात तिनं ते चालवून घेतलं होतं. पाणी त्याच्या हाताशी ठेवायचं, चप्पल एकाच जागी. पण आगीपाशी अशी गोष्ट चालवून घेता येत नव्हती.

मामा, पिवळा झालाय. तीनच शब्द होते. ते तिच्या ओठांपर्यंत आले आणि मागे गेले. ज्यानं रंग शिकवले त्याला रंग सांगायचा कसा. आणि सांगितलं तर हे छप्पर, ही भट्टी, हा पंखा, सगळं त्या तीन शब्दांत विझणार. उद्यापासून तिनं त्या बाकावर बसून फळं निवडायला जायचं.

ती वारं देत राहिली. पाट्याच्या कडेनं दोन-चार बारीक ठिणग्या फुटल्या. म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली आणि पाटा तेलात सोडला. धुराचा लोट उठला. तसेच सगळे झाले. शेवटी तो प्रत्येक पाटा पुन्हा मंद आचेवर धरून त्यावर वाळलेली काडी घासत होता. काडी जळून कशी घसरते त्यावरून पोलादाचा जास्तीचा कडकपणा उतरला की नाही ते हाताला कळतं. ते काम त्यानं अचूक केलं. पण जळलेल्या पोलादाला ते काय सावरणार.

म्हटल्याप्रमाणे संध्याकाळी गाडी उभी राहिली. चारही अंगांनी सारखी, नव्यासारखी उंच. भंगारातला, बाकीच्यांबरोबरच तापवलेला एक पाटा बोटभर लांब निघाला म्हणून चळतीत बसला नाही, तो तेवढा भट्टीपाशी राहिला. म्हातारा गाडीभोवती हात लावत फिरला. नवरा बायकोला म्हणाला, "बाबांना अजून येतं गं." तो कित्येक दिवसांनी असं मोकळं बोलला होता. तिनं नजर खाली घातली आणि चुलीकडे वळली.

सकाळी बायका चढल्या. रेडिओ म्हणाली, "गाडीनं टाचेचे बूट घातलेत की काय." गाडी धूळ उडवत गेली. संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. रोज त्या वेळेला सुनेचे हात कामावरच थबकत. कान वाटेला लागत. गावाकडे येताना ओढ्याचा उतार होता, पुरानं खरवडलेला, दगडांनी भरलेला, एका बाजूला खोल घळ. गाडी तो उतरून वर आली की इंजिनाचा आवाज बदलायचा. तो आवाज बदलेपर्यंत ती श्वास धरून असायची. कदाचित आपणच चुकीचं पाहिलं असेल, असं ती स्वतःला समजवायची. धुरात रंग वेगळा दिसतो.

शेवटी एका दुपारी तिला राहवेना. म्हातारा घरात पडला होता. तिनं तो उरलेला लांब पाटा दोन विटांवर आडवा ठेवला आणि घण उचलला. चांगला पाटा असता तर घण उसळून तिच्याच कपाळात आला असता, म्हणून ती बाजूला उभी राहिली आणि मारला.

पाटा काचेसारखा फुटला. एक तुकडा भिंतीवर जाऊन आदळला.

"काय तुटलं?" आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. लोखंड फुटल्याचा आवाज ओळखायला त्याचे कान चुकणार नव्हते. तो भिंत धरत बाहेर आला. तिनं फुटलेला तुकडा त्याच्या हातात दिला.

त्यानं अंगठ्याचं पेर तुटल्या जागेवरून फिरवलं. चांगलं पोलाद तुटलं तर आतून राखेसारखं बारीक लागतं. हे जाड्या मिठासारखं लागत होतं. त्यानं पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं पेर. मग तो तसाच विटांवर बसला.

"रंग कसा होता?"

"पिवळा. शेवटी शेवटी पांढऱ्याकडे गेला होता."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"मला लाल दिसत होता," म्हातारा म्हणाला. तो म्हणेल ते ऐकायला ती तयार होती. तू गप्प का बसलीस, असं त्यानं विचारायला हवं होतं. त्यानं ते विचारलं नाही. उठला आणि म्हणाला, "चप्पल दे. उतारावर जाऊ."

ऊन उतरतीला लागलं होतं. म्हातारा पुढे आणि ती मागे, अशी दोघं निघाली. वाटेवरच्या दगडांना त्याचे पाय अडखळत होते, पण त्यानं तिचा हात घेतला नाही. ओढा ओलांडून उताराच्या वरच्या तोंडाशी तो वाटेच्या मधोमध उभा राहिला. ती कडेला उभी होती. तिला अजून काही दिसत नव्हतं तेव्हाच तो म्हणाला, "आली."

गाडी वळणावर दिसली. त्यानं हात वर केला. नवऱ्यानं ब्रेक दाबला तशा आतल्या बायका एकमेकींवर आपटल्या.

"बाबा, वाटेत काय उभे राहिलात? काय झालं?"

"भरलेली गाडी उतारावर घालू नकोस. पाटे मी जाळलेत." त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. "सगळे जाळलेत. ते कधीही फुटतील. बायांना इथेच उतरू दे. गाडी रिकामी घेऊन हळू ये आणि घरी पोचलास की पाटे काढ. नवे घाल."

इंजिन चालू होतं. नवऱ्यानं ते बंद केलं आणि बायकोकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यानं पुढे काही विचारलं नाही, आणि नंतर कितीतरी दिवस विचारलं नाही. बायका खाली उतरल्या. आपापल्या पिशव्या घेतल्या. रेडिओ गप्प होती. बाकीच्या पुढे गेल्यावर ती सुनेजवळ थांबली.

"मी रोज तुझ्या हातचं पाणी पिऊन चढत होते गं त्यात," ती हळूच म्हणाली. "तू तांब्या द्यायचीस आणि बघत राहायचीस." एवढं बोलून ती उताराला लागली.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं दुसरी गाडी लावली. नवरा एसटीनं शहरात गेला आणि मिस्त्रीकडून नवा जोड उधारीवर घेऊन आला. काळा रंग दिलेले, तेलकट कागदात गुंडाळलेले पाटे. म्हाताऱ्यानं ते उघडू दिले, हात लावला नाही. बसवायला तोच मदतीला होता. बोल्ट हातात देत होता, जॅकचा दांडा धरत होता, मुलगा सांगेल तेवढंच. उधारीपोटी ऐरण मिस्त्रीला द्यायचं ठरलं होतं, ते म्हाताऱ्यानंच ठरवलं. चौघांनी मिळून ती मागे चढवली तेव्हा नवे पाटे जरासे दबले आणि तिथेच थांबले. त्यांच्यावरचा पहिला भार तोच.

ऐरण गेली तिथे जमिनीत एक गोल ओलसर खड्डा राहिला. सुनेनं त्यात माती ढकलून जमीन सारवली. ती आता दुसऱ्याच्या गाडीतून शेडवर जायला लागली होती. बायका सरकून जागा देत, पण बोलत नसत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी म्हातारा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता.

"सूनबाई, आपण वर्षाभरात कुणाकुणाच्या गाडीला कमान मारली, आठवतंय का?"

तिला आठवत होतं. तिनं सांगितलं.

"चल माझ्याबरोबर. मला लांबून माणूस कळत नाही. कोण आहे ते तू सांग, बोलेन मी."

पहिलं घर वीटभट्टीवाल्याचं. म्हाताऱ्यानं बोलायला सुरुवात केली तसा तो पुढे आला आणि त्याचा हात धरून त्याला खाटेवर बसवायला लागला. "दादा, ते पाटे मी तेव्हाच बदलले. दोन महिन्यांतच फुटला होता एक. तुम्हाला काय सांगायचं, म्हणून गप्प राहिलो." म्हातारा खाटेवर बसला नाही. दुसऱ्या घरीही तसंच झालं. तिथल्या माणसानं तर विषयच बदलला, पाण्याचं, गुरांचं बोलत राहिला, आणि निघताना रामराम घातला. म्हातारा रस्त्यात थांबला.

"सगळ्यांना ठाऊक होतं म्हणायचं."

"घरी जायचं का, मामा?"

"अजून एक राहिलाय ना?"

तिसरा दूधवाला. वस्तीच्या टोकाला राहणारा. त्याची गाडी अंगणात उभी होती, मागे कॅन बांधलेले, कॅनांच्या पुढच्या फळीवर त्याची दोन मुलं बसलेली. तो त्यांना घेऊन कुठेतरी निघाला होता. म्हाताऱ्याला बघून त्याचा चेहरा उजळला.

"दादा, आज इकडे कसे? बघा तुमची कमान. वर्ष होत आलं, तश्शीच आहे. परवा तो मिस्त्री म्हणत होता नवे घाल. मी म्हटलं, आमच्या दादांचा हात लागलाय त्याला, तू गप्प बस."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. त्याला मडगार्ड सापडलं. तिथून तो गुडघ्यावर बसत खाली गेला आणि चाकामागे हात घालून पाटे चाचपायला लागला. वरचा, मग त्याखालचा, मग त्याखालचा. दूधवाला कौतुकानं बघत उभा होता. मुलं फळीवरून खाली वाकून बघत होती.

म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला. बोटं काळी झाली होती.

"पोरांना आधी खाली उतरव," तो म्हणाला.

"का हो दादा?"

"मला दिसत नाही रे," म्हातारा म्हणाला. "वर्ष झालं. दिसत नाही."